साहेबांची पाठ

माझा राग दुधासारखा आहे. भस्सकन वर येतो, शेगडी खराब करतो आणि खाली बसतो. माझ्या वहिनीचा तसा नाही. ती राग घडी घालून कपाटात ठेवते आणि वेळ आली की इस्त्री केल्यासारखा बाहेर काढते. मी हे अधिकाराने सांगते, कारण मी तिच्या घरात, पुढच्या खोलीत शिवणयंत्र टाकून बसलेली तिची नणंद आहे. नवऱ्याचं घर सोडून आले तेव्हा भावाने हो-नाही करायच्या आत हिनेच खोलीतलं सामान हलवून माझ्या यंत्राला जागा केली होती. भाऊ छापखान्यात जातो, येतो, जेवतो, झोपतो. घरात काय शिजतंय ते त्याला ताटात आल्यावर कळतं.

वहिनी नर्स. मोठ्या सरकारी दवाखान्यात, हाडांच्या वॉर्डात. तिथे तिला सगळे 'घड्याळ' म्हणायचे. कंबर मोडलेला, पाठीचा कणा गेलेला माणूस स्वतःहून हलू शकत नाही. त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर अंगाखालची कातडी लाल होते, मग फुटते आणि मग जखम आत आत हाडापर्यंत जाते. हे वळवायचं काम दोघींचं. एक पुढे उभी राहून खांदा आणि कंबर धरून ओढते, दुसरी मागून ढकलते आणि उघडी झालेली पाठ तपासते. वहिनी कायम मागे. हात आधी काखेत धरून गरम करायची, मग म्हणायची, "श्वास घ्या... सोडा... आणि चला." घरी कपाट सरकवायचं असलं तरी भावाला हेच म्हणते. भाऊही मुकाट्याने श्वास घेतो, सोडतो आणि चालतो.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना वॉर्डाच्या नशिबी कात्रीसाहेब आले. खरं नाव मी तोंडाने घेत नाही, विटाळ होतो. वरून हुकूम आला होता की खर्च आवरा, आणि ह्या गृहस्थांना आवरण्याची इतकी हौस की त्यांनी आधी दारावरचा रखवालदार काढला, मग मागच्या जिन्याचा दिवा, मग कापसाची पाकिटं अर्धी केली. कात्री माझ्याही हातात दिवसभर असते, पण मी आधी माप घेते. ह्यांनी माप न घेताच कापलं. शेवटी प्रत्येक पाळीतली दुसरी नर्स कापली आणि भिंतीवर सूचना लावली की रुग्णाला वळवण्यात नातेवाइकांनी हातभार लावावा.

आता खरी गंमत ऐका. वॉर्ड बंद पडायला हवा होता ना? नाही पडला. कारण ह्या बायकांना 'होत नाही' म्हणताच येत नाही. कोणी घरून साबण आणला, कोणी पाळी संपल्यावरही थांबली, कोणी उभ्या उभ्या दोन घास गिळले. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या जावयाला हाक मारून हात लावायला सांगायचं, असं करत करत गाडा ओढला. मी वहिनीला म्हटलं, "अगं, तुम्ही असं सगळं निभावून नेलंत तर तो वर सांगेल की बघा, अर्ध्या माणसांत चालतंय!" ती म्हणाली, "मग पेशंट काय तसेच टाकू?"   आणि तिकडे साहेब खरंच वर जाऊन सांगत होते की बघा, चालतंय.

मग खिडकीजवळच्या खाटेवर एक बस चालवणारा माणूस आला. चांगला दांडगा, कण्याला मार लागलेला, कमरेखाली सगळं बधिर. त्याची बायको म्हणजे फुंकर मारली तर उडेल अशी, शिवाय दम्याची. ती कसली ढकलते त्याला! दिवसपाळीत वहिनी एकटी. तिने काय नाही केलं? घोंगड्यांच्या गुंडाळ्या करून त्याच्या एका अंगाखाली सरकवल्या, मग दुसऱ्या. मी शिवणातल्या चिंध्या भरून उशा शिवून दिल्या. एकटीने ओढता ओढता तिची स्वतःचीच कंबर धरली. रात्री मी तिला शेक द्यायचे आणि साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. सकाळी रात्रपाळी संपवून निघताना वॉर्डाच्या प्रमुख, मोठ्या सिस्टरांनी विचारलं की जमतंय ना, तर ही म्हणायची, "जमतंय."

नव्हतं जमत. अर्धवट वळवलेल्या माणसाची पाठ अर्धवटच वाचते. कमरेच्या खाली, मधल्या हाडावर लाल डाग दिसला, मग काळा पडला, मग जखम झाली आणि जखमेतून विष रक्तात गेलं. बसवाला गेला. त्याच्या बायकोने तक्रार केली आणि बरोबरच केली. मी तिच्या जागी असते तर तक्रारीवर थांबले नसते.

साहेबांनी वहिनीला बोलावलं. ती सांगते, त्यांनी मान वर केलीच नाही. टेबलावरच्या कागदांकडे बघत म्हणाले, "बाकीच्यांना जमतं. तुम्हाला जमलं नाही. जमत नाही असं एकदा तरी बोललात का कोणाला?" आणि नेमकं तेच ती कधी बोलली नव्हती. तिला घरी बसवलं. वर प्रकरण परिचारिकांच्या मंडळाकडे पाठवलं, निष्काळजीपणा म्हणून. मंडळाने दोषी ठरवलं तर तिचं नाव नोंदणीतून कायमचं जाणार होतं. म्हणजे हा दवाखाना सोडाच, कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे सुई टोचायचं कामही तिला कोणी दिलं नसतं. तिला दुसरं काही येत नाही. शिवणकाम शिकवायला घेतलं तर तिने माझ्या यंत्राच्या सुया मोडल्या.

ती घरी बसली आणि घरातलं घड्याळ थांबल्यासारखं झालं. रडली ती एकदाच, आणि तेही नोकरीसाठी नाही. म्हणाली, "मी 'होत नाही' म्हणायला हवं होतं गं. तो माणूस वाचला असता." मी म्हटलं, "आणि त्या कात्रीने काय म्हणायला हवं होतं?" त्यावर तिने डोळे पुसले आणि भांडी घासायला गेली. भांडी इतकी घासली की कढईत तोंड दिसायला लागलं. तेव्हाच मला कळलं की राग घडी घालून ठेवला गेला आहे.

एके दिवशी सकाळी मोठ्या सिस्टर आमच्याकडे आल्या. वहिनीपेक्षा वयानेही मोठ्या. चप्पल काढायच्या आधीच म्हणाल्या, "साहेब पडले."

मी हातातलं कापड टाकलं. "कुठे? मागच्या जिन्यावर?"

जिन्यावर पडले असते तर गोष्ट रंगली असती, दिवा त्यांनीच काढला होता. पण नाही, स्वतःच्या अंगणात फुलझाडांना पाणी घालताना घसरले. कमरेचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सांगितलं की हलवायचं नाही, इथेच राहायचं. मोकळी खाट एकच होती, खिडकीजवळची. बसवाल्याची.

मी काय केलं ते लपवत नाही. मी टाळ्या वाजवल्या. "करावं तसं भरावं! आता पडू दे तसाच. कुजू दे मेल्याला!"

वहिनीने फक्त एवढंच विचारलं, "मागे कोण उभं राहतं?"

"रात्री कुणाचे तरी नातेवाईक सापडतात," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "दिवसा सगळे कामावर. त्यांची स्वतःची बायको मुलीच्या बाळंतपणाला लांब गेलीय. तुझ्या जागी दिवसा आता मी एकटी. खरं सांगते, हात लावायची इच्छा होत नाही, पण पाठ लाल व्हायला लागलीय."

"उद्यापासून मी येते," वहिनी म्हणाली.

मोठ्या सिस्टर गेल्यावर आमच्या घरात जे भांडण झालं त्याने शेजारच्यांची चांगली करमणूक झाली. मी म्हटलं, तू वेडी आहेस का? ज्याने तुझ्या पोटावर पाय दिला त्याची पाठ चोळायला जातेस? देवळात बसवतील तुला! ती शांतपणे कणीक मळत होती.

"मला त्याची पाठ हवीय," ती म्हणाली.

"कशाला? मढवायला?"

"साक्षीला. मंडळापुढे तोच येणार आहे ना माझ्याविरुद्ध बोलायला? तो बसता होईपर्यंत तारीख पुढे ढकललीय. येऊ दे. पण येताना पाठीवर ओरखडासुद्धा नको."

मला तेव्हा नीट समजलं नाही. पण तिचा चेहरा बघून मी गप्प बसले, आणि मी गप्प बसते तेव्हा प्रकरण गंभीर आहे असं आमचा भाऊही समजतो.

दवाखान्यात शिरायला तिला कोणी अडवलं नाही. अडवणारा रखवालदार साहेबांनीच कमी केला होता. आणि नातेवाइकांनी हातभार लावावा ही सूचना भिंतीवर होतीच, कोण कोणाचा नातेवाईक हे विचारायला माणूस उरला नव्हता. साधा पोशाख करून ती रोज सकाळी जायची आणि दिवे लागायच्या वेळी परत यायची. मी एकदा दुपारी तिच्याबरोबर गेले, म्हटलं बघू तरी ही सूड घेते की सेवा करते.

लांबलचक वॉर्ड, दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, रंग उडालेल्या. फिनेलचा वास, त्यातही पाणीच जास्त. साहेब खिडकीजवळ पसरलेले. हाफिसात मोठे दिसत असतील, इथे दाढी वाढलेला एक जाडा माणूस होता, पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलेला. त्यांनी वहिनीकडे सरळ बघितलं आणि हसले. ओळखलं नाही! जिचं नाव पुसायला निघाले होते तिचा चेहराच त्यांनी कधी पाहिला नव्हता. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

माझ्या मनगटाला टाचण्यांची गादी बांधलेली असते, कामाची सवय. मोठ्या सिस्टर पुढे उभ्या राहिल्या, वहिनी मागे. "श्वास घ्या... सोडा... आणि चला." साहेब डाव्या कुशीवर वळले, हाताने खाटेचा कठडा धरला आणि ती पांढरी, मऊ पाठ माझ्या समोर आली. खोटं कशाला बोलू, माझा हात टाचणीकडे गेला. वहिनीने एका हाताने साहेबांना धरून ठेवलं, दुसऱ्या हाताने माझ्या मनगटावरची गादी सोडवली आणि स्वतःच्या खिशात टाकली. 

मग तिने पाठ तपासली. गिऱ्हाईक महागाचं कापड निरखतं तशी, उजेडाकडे करून. मधल्या हाडावर, जिथे बसवाल्याचं सुरू झालं होतं तिथे, बोट दाबलं आणि सोडलं. दाबलेली जागा पांढरी होऊन पुन्हा गुलाबी झाली.

"काय बघता?" साहेबांनी भिंतीकडे तोंड करून विचारलं.

"इथून सुरू होतं," वहिनी म्हणाली.

"काय?"

"काही नाही. तुमची छान आहे."

"तुमचे हात उबदार आहेत हो," साहेब खुशीत म्हणाले. "ह्या पुढच्या सिस्टरांचे म्हणजे बर्फ." मोठ्या सिस्टरांनी माझ्याकडे बघून डोळे फिरवले. वहिनीच्या तोंडावर मात्र दयेचा लवलेश नव्हता. तेव्हा मला पटलं की ही सेवा नाही. म्हणजे सेवाच आहे, अगदी चोख, पण ती ज्याची करते आहे त्याच्यासाठी नाही.

तेवढ्यात साहेबांना भेटायला हाफिसातला एक माणूस आला. साहेब तशाच कुशीवरून सांगायला लागले, "बघा, मी म्हणत नव्हतो? एका सिस्टरवर वॉर्ड चालतो. मी स्वतः अनुभव घेतोय. वेळच्या वेळी वळवतात, पाठ बघा माझी." वहिनी मागे उभी राहून त्यांच्या पाठीखाली उशी सरकवत होती. माझीच शिवलेली, बसवाल्यासाठीची.

घरी येताना मी रस्त्यातच फुटले. "ऐकलंस? तुझ्याच हातांवर उभा राहून तुझाच गळा कापतोय!"

"म्हणू दे," ती म्हणाली. "मोठ्याने म्हणू दे. तिथेही हेच म्हणू दे."

मंडळाची खोली अगदीच साधी निघाली. लांब टेबल, पलीकडे तिघं, मध्ये अध्यक्षबाई, पिकलेल्या केसांच्या. त्याही कधीकाळी नर्सच होत्या असं मोठ्या सिस्टर माझ्या कानात म्हणाल्या. बसवाल्याची बायको भिंतीजवळ बसली होती, तिच्या छातीतली घरघर मला ऐकू येत होती. साहेबांना चाकांच्या खुर्चीतून आणलं. दाढी केलेली, कोट चढवलेला, पुन्हा मोठे झालेले. वहिनीकडे त्यांनी ह्याही वेळी बघितलं नाही.

बोलायला लागले ते थांबेचनात. वरून आलेला हुकूम, कामाची शिस्त, वगैरे. शेवटी म्हणाले, "आणि मी हे ऐकीव सांगत नाही. मी स्वतः त्या वॉर्डात, त्याच खाटेवर पडून होतो. एकच सिस्टर असायच्या, तरी माझी आबाळ झाली नाही. म्हणजे जमतं. ज्यांना करायचंच नसतं त्यांना जमत नाही."

अध्यक्षबाईंनी वहिनीला विचारलं, तुम्हाला ह्यांना काही विचारायचंय का?  ही बाई घरात मीठ कमी आहे हेसुद्धा सांगत नाही.

ती उठली. "तुम्हाला वेळेवर वळवायचे?"

"दर दोन तासांनी. न चुकता," साहेब अध्यक्षबाईंकडे बघत म्हणाले.

"पाठीला कुठे काही?"

"ओरखडा नाही. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस पडून राहिलेल्या माणसाची अशी पाठ त्यांनी पाहिली नाही."

"आणि सिस्टर एकच?"

"सांगितलं ना, एकच."

वहिनी टेबलाला वळसा घालून साहेबांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. हात काखेत घालून क्षणभर थांबली. मग एक हात त्यांच्या खांद्याच्या मागच्या हाडावर ठेवला, हलकेच.

"श्वास घ्या... सोडा... आणि चला."

साहेबांनी श्वास घेतला, सोडला आणि सगळं अंग डावीकडे टाकलं. त्यांचा हात पुढे जाऊन कठडा शोधायला लागला. कठडा तिथे नव्हता. तो हात तसाच हवेत राहिला. 

"साहेब," अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्ही ह्यांना ओळखता?"

साहेबांनी मान वळवली. त्या खोलीत पहिल्यांदा. वर बघितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "ह्या... ह्या मागच्या बाई."

"मागच्या म्हणजे? आत्ता तर एकच म्हणालात."

"मदतीला कुणीतरी असायचं..."

"कुणीतरी म्हणजे कोण?" वहिनी म्हणाली. "ती जागा तर तुम्ही कापलीत. मला घरी बसवलं होतंत. बिनपगारी, तुमच्याच सूचनेप्रमाणे नातेवाईक म्हणून, मी तुमच्या मागे उभी राहत होते. मोठ्या सिस्टरांना विचारा." मोठ्या सिस्टरांनी उठून हो म्हटलं.

मग वहिनी बसवाल्याच्या बायकोकडे वळली आणि तिचा आवाज पहिल्यांदा कापला. "बाई, मी तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले, ती माझी चूक. आज बोलते. एकटीला होत नाही. माझ्याने झालं नाही, कोणाच्यानेच होत नाही. तुमच्या माणसाचीही पाठ अशीच राहिली असती. मागे दोन हात हवे होते, बस."

त्या बाईला बोलायला कोणी सांगितलं नव्हतं. ती भिंतीचा आधार घेत उठली आणि साहेबांपुढे येऊन उभी राहिली. अंगात जीव नाही, पण आवाज स्वच्छ.

"ह्यांच्या मागे ही होती," ती म्हणाली. "माझ्या माणसाच्या मागे कोण होतं?"

साहेबांनी पुन्हा मान खाली घातली. ह्या वेळी पुढ्यात कागद नव्हते.

निकाल त्याच दुपारी सांगितला. वहिनीचं नाव राहिलं. 'होत नाही' हे वेळेवर न सांगितल्याबद्दल ताकीद मिळाली, ती तिने मान हलवून घेतली. मृत्यूचं कारण एका पाळीत एकच नर्स ठेवण्याचा हुकूम, आणि त्याखाली सही कोणाची, हे मंडळाने वर कळवायचं ठरवलं. ते वाचून दाखवत असताना साहेब कोटाचं एकच बटण लावत होते आणि काढत होते. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

बाहेर साहेबांची खुर्ची आमच्याजवळ थांबली. "मी तुम्हाला ओळखलं असतं," ते म्हणाले, "तर तिथल्या तिथे माफी मागितली असती. एवढे उपकार केलेत माझ्यावर."

"उपकार नाहीत," वहिनी म्हणाली. "तुमची पाठ मी माझ्यासाठी जपली. आणि माफी मागायचीच असेल तर ती बाई अजून आत बसलीय."

खुर्ची ढकलणाऱ्या माणसाने आत न्यायचं की बाहेर, म्हणून साहेबांकडे बघितलं. साहेबांनी बाहेरच्या दाराकडे बोट केलं.

वहिनी ती खुर्ची लांब जाईपर्यंत बघत राहिली. मग तिने पिशवीत हात घातला आणि माझी टाचण्यांची गादी काढून माझ्या हातावर ठेवली. इतके दिवस तिच्याकडेच होती, मी मागूनही तिने दिली नव्हती.

"आता तो माझा पेशंट नाही," ती म्हणाली. "टोचायचं तर टोच."

मी दोन पावलं गेलेसुद्धा. पण खुर्ची तोवर उतारावरून खाली गेली होती, आणि वहिनी परत आत निघाली होती, बसवाल्याच्या बायकोला हात द्यायला. मी गादी मनगटाला बांधली आणि तिच्या मागून आत गेले.